जीपी भेटत नाही आणि पंप संपत आलाय? ब्रिटनमध्ये दम्याची चिठ्ठी नर्सकडून कशी मिळवायची

भारतातून निघताना दम्याचा माणूस बॅगेत दोन-तीन पंप जास्तीचे टाकतो आणि निश्चिंत होतो. काही महिन्यांनी शेवटचा पंप हलवून बघायची वेळ येते, तेव्हा लक्षात येतं की इथे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "एक अस्थालिन द्या" म्हणून भागत नाही. चिठ्ठी लागते, आणि ती इथल्याच कोणीतरी लिहिलेली लागते. गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, लेटरहेडवर शिक्क्यासकट असली तरी, इथला मेडिकलवाला ती बघून औषध देऊ शकत नाही. मग सकाळी आठला दवाखान्यात फोन लावायचा, रांगेत ताटकळायचं आणि शेवटी ऐकायचं की डॉक्टरांची पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनी आहे.

यावर नवीन आलेले लोक सहसा दोनपैकी एक करतात. निमूट तीन आठवडे थांबतात, नाहीतर सुट्टीवर गेलेल्या कोणाला तरी पंप आणायला सांगतात. दोन्हीची गरज नसते, कारण दम्यासाठी इथे डॉक्टरच भेटायला हवा असं नाही. बहुतेक जीपी (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यांत दम्याचं काम नर्स बघते. ती तपासते, पंप बदलते, आणि तिने तसं शिक्षण घेतलेलं असेल तर चिठ्ठीही स्वतःच्या सहीने लिहिते. आपल्याला सवय नसते म्हणून आपण तिला मागतच नाही.

पुढचं सगळं इंग्लंड धरून लिहिलंय. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये गाभा तोच, पण पैशाचे आणि फोन नंबरांचे नियम वेगळे आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आत्ता या क्षणी धाप लागली असेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर अपॉइंटमेंटचा विचार सोडा. ताठ बसा, निळा पंप (धाप लागल्यावर घ्यायचा, अस्थालिनसारखा) दर ३० ते ६० सेकंदांनी एक असा, जास्तीत जास्त दहा वेळा घ्या. बरं वाटलं नाही किंवा पंपच जवळ नसेल तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. १० मिनिटांत रुग्णवाहिका आली नाही तर पंप पुन्हा तसाच घ्या आणि पुन्हा ९९९ लावा. याचे पैसे लागत नाहीत आणि "उगाच त्रास दिला" असं कोणी म्हणत नाही.

नर्सने औषध लिहायचं?

हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येकाच्या मनात येतो, विशेषतः घरातल्या मोठ्यांच्या. आपल्याकडे सिस्टरने इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं. औषध ठरवणार डॉक्टर. ब्रिटनमध्ये नर्सना औषध लिहू देणारा कायदा १९९२ साली झाला. सुरुवातीला यादी अगदी छोटी होती. २००६ पासून मात्र ठरावीक जादा शिक्षण घेतलेली नर्स आपल्या कामाच्या कक्षेतलं जवळपास कुठलंही औषध स्वतंत्रपणे लिहू शकते. त्या चिठ्ठीला डॉक्टरच्या चिठ्ठीइतकीच किंमत आहे.

माझं तर मत असं की साध्या, नेहमीच्या दम्यासाठी नर्सच बरी. जीपीकडे साधारण १० मिनिटं असतात आणि त्यात तुमची पाठ, तुमचं ॲसिडिटीचं दुखणं, सगळंच येतं. दम्याची नर्स वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ फक्त तुमच्या श्वासावर घालवते. पंप ओढताना तुम्ही नेमकं काय चुकवताय हे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बघतं. डॉक्टर उपलब्ध नाही म्हणून नाइलाजाने नर्सकडे जायचं, असं मनात धरून गेलात तर त्या भेटीतलं निम्मं हाताशी येणार नाही.

पहिली पायरी: नोंदणी, आणि तीही दम्यासकट

जीपी दवाखान्यात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. व्हिसावर आला असाल तर आरोग्य अधिभार (व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायची रक्कम) बहुतेकांनी आधीच भरलेला असतो. २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड आहे. म्हणजे संकोच करायचं कारणच नाही. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा पासपोर्ट असलाच पाहिजे असा नियम नाही. रिसेप्शनवर कोणी अडवलं तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नियमानुसार हे कागद सक्तीचे नाहीत. बऱ्याच दवाखान्यांत ऑनलाइन फॉर्म भरूनही काम होतं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. फॉर्ममध्ये आधीचे आजार विचारतात, तिथे "दमा" स्पष्ट लिहा. सध्या कोणते पंप घेता, किती वर्षांपासून, कधी दवाखान्यात भरती झाला होतात का, हेही. पुष्कळ लोक तिथे काहीच लिहीत नाहीत. कधी घाईत, कधी "उगाच नोंद कशाला, व्हिसाला आडवं येईल" अशा ऐकीव भीतीने. दम्यामुळे व्हिसा अडत नाही. पण दम्याची नोंद नसेल तर संगणकावर तुमचं नाव दम्याच्या यादीत येत नाही, आणि यादीत नसलेल्या माणसाला नर्सची दम्याची वेळ द्यायला रिसेप्शन कचरतं. पुढची सगळी वाट या एका रकान्यावर ठरते.

नोंदणी पुरी व्हायला काही दिवस लागतात. म्हणून पंप भरलेला असताना नोंदणी करा, आलात त्याच आठवड्यात.

दुसरी पायरी: कोणाला मागायचं

दवाखान्यात पांढरा कोट कोणीच घालत नाही, आणि कोण कोण आहे हे गळ्यातल्या पट्टीवर वाचावं लागतं. हेल्थकेअर असिस्टंट वजन, रक्तदाब, रक्त घेणं ही कामं करतात; त्या चिठ्ठी लिहीत नाहीत. प्रॅक्टिस नर्स लसी, ड्रेसिंग, मधुमेह, दमा असं पाहते. तिच्यापैकी काहीजणींना औषध लिहायचा अधिकार असतो, काहींना नसतो. ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर सहसा तपासून, निदान करून चिठ्ठी लिहू शकते. आणि आजकाल बऱ्याच दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट असतो, त्यालाही पुष्कळदा चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार असतो आणि दम्याचे पंप हा त्याच्या हातखंड्याचा विषय असतो. हा माणूस विसरू नका. नर्सची वेळ नसेल तर याची असते.

नर्सला लिहिण्याचा अधिकार आहे का हे सरळ विचारलेलं चालतं. तिला त्यात अपमान वाटत नाही. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव टाकूनही कळतं. ती सगळ्यांना खुली आहे. अधिकार नसलेल्या नर्सकडे गेलात तरी फेरी फुकट जात नाही: ती तपासणी पुरी करते, काय द्यावं हे टिपून ठेवते आणि दवाखान्यातला डॉक्टर त्यावर सही करतो. चिठ्ठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेडिकलकडे जाते. फरक पडला तर इतकाच.

तिसरी पायरी: वेळ मागताना काय बोलायचं

"मला डॉक्टरला भेटायचंय" हे वाक्य टाळा. रिसेप्शनिस्टच्या समोर त्या वाक्यासाठी एकच रांग असते आणि ती भरलेली असते. त्याऐवजी तीन गोष्टी एका दमात सांगा: मला दमा आहे, माझा पंप अमुक दिवसांत संपतोय, मला दम्याच्या नर्सची किंवा चिठ्ठी लिहिणाऱ्या कोणाचीही वेळ हवी. "रनिंग आउट ऑफ माय इनहेलर" हे शब्द कानावर पडले की समोरचीला कळतं की हे थांबवून ठेवायचं काम नाही. रिसेप्शनिस्ट काय होतंय ते विचारेल. ती चौकशी खाजगीत नाक खुपसण्यासाठी नसते. कोणाकडे पाठवायचं हे ठरवण्याचं तिला शिक्षण दिलेलं असतं. आडपडदा न ठेवता सांगा.

सकाळी आठची फोनची झुंबड टाळायची असेल तर ऑनलाइन विनंती करा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपी दवाखान्यांनी सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० पर्यंत ऑनलाइन विनंतीची सोय चालू ठेवणं बंधनकारक आहे. दवाखान्याच्या वेबसाइटवर किंवा एनएचएस ॲपमध्ये ती मिळते. लिहिताना औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा घेता, किती उरलंय आणि सध्या त्रास किती आहे हे मोजक्या ओळींत लिहा. रात्री खोकल्याने जाग येत असेल तर तेही लिहा. त्या एका ओळीने तुमची विनंती वर सरकते. मात्र धाप लागलेली असताना फॉर्म भरत बसू नका.

इंग्रजीत नीट सांगता येईल असं वाटत नसेल तर वेळ ठरवतानाच मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात, बहुधा तो फोनवर असतो. मराठी न मिळाल्यास हिंदी सहसा मिळतो. शाळकरी मुलाला दुभाषा करून नेऊ नका. आईचा श्वास अडकतो त्याचं वर्णन दहा वर्षांच्या पोराने करायचं, हे त्याच्यासाठीही बरं नाही आणि औषधाच्या मात्रेसाठीही नाही.

चौथी पायरी: जाताना काय न्यायचं

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. भारतातली ब्रँडची नावं इथल्या नर्सला ओळखीची नसतात. अस्थालिन, फोराकोर्ट, सेरोफ्लो, बुडेकॉर्ट, ड्युओलिन ही आपल्या घरातली नावं तिच्या संगणकात सापडत नाहीत. तिला औषधाचं मूळ नाव लागतं, जे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल. इथे ते व्हेंटोलिन, सॅलामॉल अशा नावांनी मिळतं. फोराकोर्ट म्हणजे फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड. इथे सिम्बिकॉर्ट आणि इतर काही ब्रँड. सेरोफ्लो म्हणजे साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन. इथे सेरेटाइड वगैरे. बुडेकॉर्ट म्हणजे नुसतं ब्युडेसोनाइड. आता आकडे. नुसतं "सेरोफ्लो २५०" सांगून भागत नाही, कारण तो दाबायचा पंप आहे की रोटाहेलरमधली कॅप्सूल, यावर आतली मात्रा बदलते. म्हणून डब्याची सगळ्या बाजूंनी, आणि उपकरणाचीही, फोनमध्ये छायाचित्रं काढून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे पंप, स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं), रोटाहेलर सगळं पिशवीत घालून घेऊन जा. रिकामा डबाही चालतो.

काही औषधांच्या बाबतीत मनाची तयारी ठेवा. डेरिफायलिनची गोळी इथे कोणी लिहून देत नाही. त्या जातीचं थिओफायलिन दिलंच तर रक्त तपासत, क्वचित. मॉन्टेअर-एलसीसारखी जोडगोळी सहसा मिळत नाही. माँटेल्युकास्ट वेगळं लिहून मिळतं, तेही मूड आणि झोपेवर परिणाम होऊ शकतो हे समजावून सांगून. ॲलर्जीची सेटिरिझिनसारखी गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्वतः घ्यायची. खोकल्याचं साल्ब्युटामॉलवालं सिरप इथे जवळपास बाद झालंय. "आमच्या डॉक्टरांनी तर हेच दिलं होतं" म्हणून वाद घालू नका. त्याऐवजी विचारा की त्याच्या जागी काय, आणि ते किती दिवसांत लागू पडेल.

भारतातल्या डॉक्टरांकडून एक पानाचं इंग्रजी पत्र आणता आलं तर फार बरं: दम्याचं निदान कधी झालं, कोणत्या चाचणीने, सध्याची औषधं मूळ नावांनी, गेल्या वर्षात किती वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी. जुना स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या चाचणीचा) कागद असेल तर तोही. वेदनाशामक गोळीने कधी धाप लागली असेल तर ते सांगायला विसरू नका, कारण इथे आयब्युप्रोफेन सुपरमार्केटच्या फळीवर मिळतं.

पाचवी पायरी: खोलीत काय होतं

नर्स पहिल्या नावाने स्वतःची ओळख करून देते; तुम्हीही तिला त्याच नावाने हाक मारायची. मग प्रश्न. गेल्या चार आठवड्यांवर आधारलेली पाच प्रश्नांची एक चाचणी असते, एकूण गुण २५. १९ किंवा कमी आले तर दमा ताब्यात नाही असं धरतात. इथे आपल्या लोकांची एक खोड आडवी येते. "तसा काही त्रास नाही" असं सांगायची आपल्याला सवय असते. जिना चढताना थांबावं लागतं, पहाटे चारला खोकून उठावं लागतं, थंड हवेत बसस्टॉपपर्यंत चालताना छातीत शिट्टी वाजते, आणि तरी आपण म्हणतो "ठीक आहे". नर्स तुमच्या शब्दांवर औषध ठरवणार असते. ठीक म्हटलंत तर ठीक असलेल्या माणसाचं औषध मिळेल.

तसंच पंप रोज घेत नसाल तर तेही खरं सांगा. "पंपाची सवय लागते" ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यापायी लोक स्टिरॉइडचा पंप महिना-महिना बंद ठेवतात, मग धाप लागली की निळा ओढतात. स्टिरॉइडच्या पंपाची सवय लागत नाही. फुप्फुसाच्या नळ्यांची सूज कमी ठेवणं हे त्याचं काम, आणि ते रोज घेतलं तरच होतं. घेतल्यावर चूळ भरून टाकायची म्हणजे तोंडात पांढरे चट्टे पडत नाहीत.

मग ती तुम्हाला पंप ओढून दाखवायला सांगेल. लाजू नका. वर्षानुवर्षं पंप घेणारेही चुकतात: कोणी श्वास आधीच आत घेतो आणि मग दाबतो, कोणी पावडरचा पंप हळू ओढतो तर फवाऱ्याचा जोरात, म्हणजे नेमकं उलट. फवाऱ्याचा श्वास सावकाश आणि एकसारखा, पावडरचा जोरात आणि खोल. दाबायच्या पंपाबरोबर स्पेसर मागून घ्या. तो चिठ्ठीवर मिळतो. पीक फ्लो मीटरही (फुंकून श्वासाचा जोर मोजायचं छोटं उपकरण) चिठ्ठीवर मिळतो.

कदाचित ती म्हणेल की दमा आहे याची आधी खात्री करू. यात अविश्वास नाही. भारतातली कागदपत्रं इथल्या नोंदीत नसतात आणि त्यांना निदान कशावरून झालं ते लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी होते (प्रौढांमध्ये ५० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर दम्याच्या बाजूने), किंवा रक्ततपासणी, स्पायरोमेट्री, अथवा दोन आठवडे घरी पीक फ्लो लिहून काढणं. स्टिरॉइडचा पंप चालू असताना काही चाचण्या नॉर्मल येऊ शकतात, पण चाचणी "चांगली" यावी म्हणून पंप आपल्या मनाने बंद करू नका. थांबवायचा का, किती दिवस, हे तीच सांगेल. आणि तोपर्यंत औषध मिळणार ना, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

अजून एका बदलाची कल्पना असू द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथली दम्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं बदलली. स्टिरॉइडशिवाय नुसता निळा पंप आता कोणत्याही वयाच्या दम्याच्या रुग्णाला द्यायचा नाही. १२ वर्षांवरच्यांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलसारखा एकच एकत्रित पंप देतात, जो त्रास झाला की घ्यायचा, किंवा रोजही आणि त्रास झाला की वरूनही. त्यामुळे तुम्ही निळा मागायला गेलात आणि नर्सने दुसराच हातात ठेवला, तर ती तुमचं ऐकत नाही असं समजू नका. यामागे जुना धडा आहे. २०१४ साली ब्रिटनमधल्या दम्याच्या मृत्यूंचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूच्या आधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त निळे पंप घेतलेले पुष्कळ रुग्ण त्यात सापडले. निळा पंप धाप थांबवतो, सूज नाही. म्हणूनच वर्षात तीन निळे पंप संपले की बऱ्याच ठिकाणी संगणकावर तुमच्या नावापुढे खूण येते आणि नर्स बोलावते.

घरातल्या गोष्टी ती विचारेल: मांजर, सिगारेट, भाड्याच्या घरातली बुरशी. अगरबत्ती, धूप आणि खिडक्या बंद करून दिलेली मिरचीची फोडणी हे मात्र ती बहुधा विचारणार नाही, कारण तिला ते सुचणार नाही. तुम्हीच सांगा.

निघताना लेखी आराखडा मागा, म्हणजे रोज काय, त्रास वाढला तर काय आणि कधी ९९९. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो वाचून दाखवा. एकत्रित पंप मिळाला असेल तर अटॅकमध्ये तो किती वेळा घ्यायचा हे निळ्यापेक्षा वेगळं असतं, ते नेमकं त्या कागदावर असायला हवं.

सहावी पायरी: चिठ्ठी, मेडिकल आणि पैसे

हातात कागद मिळेलच असं नाही. चिठ्ठी संगणकावरून तुम्ही निवडलेल्या मेडिकलकडे जाते. कोणतं मेडिकल हे आधीच सांगून ठेवा, घराजवळचं किंवा कामाजवळचं. ॲपमधून बदलताही येतं.

इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. मे २०२४ पासून ती ९ पौंड ९० पेन्स आहे. पंप एक, स्पेसर दुसरा, गोळ्या तिसऱ्या, असे तीन पदार्थ म्हणजे तीनदा पैसे. एकाच पंपाचे दोन डबे एका चिठ्ठीवर असतील तर मात्र एकदाच. दमा हा औषध माफ असलेल्या आजारांच्या यादीत नाही. ती यादी १९६८ सालची आहे आणि तिच्यात फारशी भर पडलेली नाही. यावर इथले दमेकरी वर्षानुवर्षं तक्रार करतायत आणि मला ती रास्त वाटते. १६ वर्षांखालची मुलं, पूर्णवेळ शिकणारी १६ ते १८ ची मुलं, ६० वर्षांवरचे, गरोदर बायका आणि बाळंतपणानंतर वर्षभर त्या, यांना फुकट. कमी उत्पन्न असेल, विद्यार्थी असाल, तर एचसी१ अर्ज भरून बघा.

बाकीच्यांनी हिशेब करावा. महिन्याला दोन औषधं म्हणजे वर्षाला २३७ पौंड ६० पेन्स. आगाऊ पास (प्रिस्क्रिप्शन प्रीपेमेंट सर्टिफिकेट) काढला तर वर्षाला ११४ पौंड ५०, किंवा तीन महिन्यांना ३२ पौंड ०५, आणि मग कितीही औषधं घ्या. वर्षाचा पास हप्त्यांत भरता येतो. वर्षाला १२ किंवा जास्त औषधं लागत असतील तर पासच परवडतो. पास एक महिना मागच्या तारखेपासून घेता येतो, पण आधी भरलेले पैसे परत हवे असतील तर पैसे भरतानाच एफपी५७ ही पावती मागावी लागते, नंतर मिळत नाही. दर वसंतात बदलू शकतात, तेवढं बघून घ्या. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीचं औषध सगळ्यांना फुकट आहे.

नवीन पंप मिळाला की मेडिकलवाल्याला "न्यू मेडिसिन सर्व्हिस" विचारा. आठवडा-दोन आठवड्यांनी तो फोन करून किंवा बोलावून पंप जमतोय का ते बघतो. फुकट आहे आणि लोक मागत नाहीत.

पुढच्या वेळी

पहिली भेट झाली की औषध रिपीटवर टाकायला सांगा. मग एनएचएस ॲपमध्ये बोट दाबायचं आणि काही दिवसांनी मेडिकलमधून उचलायचं. पंप संपायच्या किमान आठवडाभर आधी मागवा; बँक हॉलिडे आणि नाताळ धरून आणखी आधी.

वर्षातून एकदा तपासणीचं बोलावणं येतं. ते टाळू नका, कारण दोन-तीनदा टाळलंत की रिपीट थांबवून ठेवतात आणि पुन्हा सकाळी आठची रांग नशिबी येते. अटॅक येऊन इमर्जन्सीत जावं लागलं तर घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत दवाखान्यात फोन करून नर्सची वेळ घ्या. ती भेट बोलावणं यायची वाट बघण्याची नसते.

शनिवारी रात्री पंप संपला तर

इथल्या नोंदीत तुमची चिठ्ठी आधीपासून असेल तर १११ (एनएचएसचा तातडीच्या सल्ल्याचा नंबर) ला फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर तातडीचं औषध मागा. ते जवळच्या उघड्या मेडिकलकडे पाठवतात आणि तिथला फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय एक पंप देऊ शकतो. थेट मेडिकलमध्ये जाऊनही विचारता येतं. पण हा नियम इथे आधी लिहून मिळालेल्या औषधाला लागू आहे. फक्त भारतातली चिठ्ठी असेल तर फार्मासिस्टचे हात बांधलेले असतात. तेव्हा १११ ला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रात्रपाळीच्या डॉक्टरशी किंवा अर्जंट ट्रीटमेंट सेंटरशी गाठ घालून देतात. काही ऑनलाइन मेडिकलवाले प्रश्नावली भरून घेऊन, पैसे घेऊन निळा पंप विकतात. एखाद्या वेळची अडचण त्याने भागेल, पण तुमच्या श्वासाकडे तिथे कोणी बघत नाही.

नर्स डॉक्टरकडे पाठवते तेव्हा

गरोदरपण, हृदयविकार, निदानाबद्दल शंका, वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्या लागणं, पाच वर्षांखालचं मूल, अशा वेळी नर्स स्वतःच म्हणते की हे डॉक्टरांना दाखवू. चांगली नर्स आपली मर्यादा ओळखते. अशा वेळी तिच्याकडूनच आतल्या आत वेळ लावून घ्या. तिने संगणकावरून लावलेली वेळ तुम्हाला फोनवर मिळणाऱ्या वेळेपेक्षा जवळची असते.

मुलं, आणि भेटीला आलेले आई-बाबा

मुलाच्या शाळेत एक पंप आणि स्पेसर नावासकट ठेवावा लागतो, त्यासाठी नर्सकडून दुसरा पंप आणि शाळेसाठी आराखडा मागून घ्या. ऑक्टोबर २०१४ पासून इंग्लंडमधल्या शाळांना आणीबाणीसाठी स्वतःचा निळा पंप ठेवायची मुभा आहे, पण प्रत्येक शाळा ठेवतेच असं नाही. ऑफिसमध्ये एकदा विचारा, आणि संमतीचा कागद सही करून द्या.

आई-बाबा भेटीच्या व्हिसावर आले असतील तर तेही जीपीकडे तात्पुरते रुग्ण म्हणून नाव नोंदवू शकतात. २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांसाठी ती सोय आहे. जीपी आणि नर्सच्या तपासणीचे पैसे पडत नाहीत. इमर्जन्सी विभागातले उपचारही फुकट. मात्र तिथून पुढे भरती करून घेतलं तर बिल येतं आणि ते मोठं असतं, म्हणून प्रवासाचा विमा दम्याचा उल्लेख करून काढलेला हवा. विमा काढताना दमा लपवला तर दावा नाकारतात. त्यांचे पंप आणि डॉक्टरांचं पत्र विमानात हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, चेक-इनच्या सामानात नको, आणि मुक्कामाला लागतील त्यापेक्षा एक महिन्याचे जास्त आणायला सांगा.